नावाहो विणकरणींचा माग

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा ह्या तीन संस्थानांच्या सीमा ओलांडून पसरलेला एक उंच, रुक्ष व विस्तीर्ण प्रदेश आहे. तांबड्या खडकांचे उभे कडे, मैलोगणती झुडपी माळ, थोडा पाऊस व विरळ गवत असें त्याचें स्वरूप आहे. ह्या भूमींत नावाहो लोकांची वस्ती आहे. ते स्वतःस ‘दिने’, म्हणजे केवळ ‘लोक’, असें म्हणवितात. त्यांच्या ताब्यांतील प्रदेशाचें क्षेत्रफळ २७,००० चौरस मैलांहून अधिक आहे. ह्या समाजाचें नांव दूरदूरच्या देशांत पोहोंचलें तें मुख्यतः त्याच्या स्त्रियांनीं उभ्या मागावर विणलेल्या लोंकरीच्या कांबळ्यांमुळें व गालिच्यांमुळें.

१९३० सालच्या उन्हाळ्यांत ह्या प्रदेशांतील गनाडो नांवाच्या गांवाजवळ एक विदुषी विणकाम शिकण्यासाठीं येऊन राहिल्या. त्यांचें नांव ग्लॅडिस रायकर्ड. त्या न्यूयॉर्क येथील बर्नार्ड कॉलेजांत मानववंशशास्त्र शिकवीत असत, आणि नावाहो समाजरचनेवरील त्यांचा ग्रंथ १९२८ मध्येंच प्रसिद्ध झाला होता. कुळांची व नात्यागोत्यांची टिपणें पुष्कळ झालीं होतीं. परंतु ज्या स्त्रियांच्या हातीं घर, कळप व माग होता, त्यांच्या जीवनांत केवळ प्रश्न विचारून शिरतां येणें कठीण होतें. तेव्हां रायकर्डबाईंनीं शिष्या होऊन त्यांच्या अंगणांत बसण्याचें ठरविलें. गनाडोचे व्यापारी रोमन हबेल यांनीं त्यांची गांठ ‘रेड पॉइंट’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्ध मंत्रगायकाच्या कुटुंबाशीं घालून दिली. त्याच्या वस्तींतच त्यांची राहण्याची सोय झाली, आणि त्याच्या मारी व अट्लनाबा ह्या दोन मुलींनीं त्यांस मागापुढें बसविलें. पुढें अनेक उन्हाळे हा क्रम चालला. त्या जी विद्या शिकावयास गेल्या, ती किती संकटांतून तगून त्यांच्यापर्यंत आली होती, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

ह्या विद्येच्या उगमाविषयीं नावाहो परंपरा सांगते तें असें. जाळें विणणाऱ्या कोळ्याचें स्त्रीरूप ही त्यांची एक देवता आहे. तिला मराठींत कोळीमाता म्हणतां येईल. तिनें दिने लोकांच्या स्त्रियांस विणावयास शिकविलें, आणि माग कसा करावा हें तिच्या पतीनें सांगितलें. त्या पहिल्या मागाचे आडवे दांडे आकाश व पृथ्वी यांचे होते, ताण्याच्या काठ्या सूर्यकिरणांच्या होत्या, आणि फणी शुभ्र शिंपल्याची होती. कॅन्यन द शे नांवाच्या खोल दरींत सुमारें साडेसातशें ते आठशें फूट उंचीचा एक सुळका उभा आहे. त्याच्या माथ्यावर कोळीमातेचें वास्तव्य आहे, असें लहान मुलांस अद्यापि सांगितलें जातें.

इतिहासकारांचें कथन निराळें आहे. परंतु विद्या दुसऱ्यापासून मिळाली, ही गोष्ट त्यांतहि आहेच. नावाहो लोकांचे पूर्वज उत्तरेकडून ह्या प्रदेशांत आले. तेथें आधींपासून प्वेब्लो लोकांचीं दगडमातीचीं गांवें होतीं. प्वेब्लो लोक कापूस पिकवीत आणि उभ्या मागावर कापड विणीत; त्यांच्यांत विणणें हें बहुधा पुरुषांचें काम असे. १५९८ मध्यें ओन्याते याच्या नेतृत्वाखालीं स्पॅनिश वसाहतवाले न्यू मेक्सिकोंत आले व त्यांनीं आपल्याबरोबर चुर्रो जातीच्या मेंढ्या आणल्या. १६८० सालीं प्वेब्लो लोकांनीं बंड करून स्पॅनिशांस घालवून दिलें. परंतु १६९२ पासून स्पॅनिश सत्ता परत आली, आणि सूडाच्या भयानें अनेक प्वेब्लो कुटुंबें नावाहोंच्या आश्रयास गेलीं. सोयरिकी जमल्या, आणि मेंढी व माग हीं दोन्ही नावाहो जीवनांत पक्कीं रुजलीं. मात्र नावाहोंच्या घरीं माग बहुतांशीं स्त्रीच्या हातीं गेला. १७०६ सालच्या स्पॅनिश लेखांत नावाहोंच्या लोंकरी कापडाचा उल्लेख सांपडतो. १७९५ मध्यें तर तेथील गव्हर्नर चाकोन यानें लिहून ठेवलें कीं, लोंकरीचें काम हे लोक स्पॅनिशांहूनहि अधिक नाजुकपणें व रसिकतेनें करतात.

चुर्रो मेंढी दिसावयास मोठी देखणी नाहीं. परंतु तिची लोंकर लांब, सरळ व अल्प तेलकट असते. पाणी दुर्मिळ असलेल्या प्रदेशांत हा गुण फार मोलाचा, कारण अशी लोंकर थोडक्या धुण्यांत साफ होते आणि हातानें सुखानें कांतली जाते. पांढरी, काळी व तपकिरी लोंकर कळपांतच मिळे. निळा रंग व्यापारांतून येणाऱ्या निळीपासून होई. तांबड्यासाठीं मात्र विणकरणींनीं विलक्षण परिश्रम केले. ‘बायेता’ नांवाचें युरोपांतील गिरण्यांचें तांबडें लोंकरी कापड व्यापाऱ्यांकडून येई. तें उसवून त्याचा एक एक धागा सोडवीत व तोच पुन्हां आपल्या मागावर विणीत. आधुनिक रासायनिक परीक्षेंत ह्या तांबड्या धाग्यांत दोन प्रकारचे रंग आढळले: एक मेक्सिकोंतील निवडुंगावरील किड्याचा, आणि दुसरा लाखेचा. लाखेचा किडा हिंदुस्थानांतील व आग्नेय आशियांतील वृक्षांवर वाढतो. पूर्वेकडील रानांतला हा रंग युरोपच्या रंगाऱ्यांकडून फिरत ॲरिझोनाच्या माळावरील मागापर्यंत पोहोंचला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या कांबळ्यांची कीर्ति यूट, शायेन इत्यादि जमातींत पसरली. रुंद पट्ट्यांचें एक कांबळें इतकें घट्ट विणलेलें व मौल्यवान असे कीं, तें विकत घेणें प्रतिष्ठित मनुष्यासच परवडे. म्हणून व्यापाऱ्यांत त्यास ‘नायकाचें कांबळें’ हें नांव पडलें.

१८६३ सालीं ह्या सर्व जीवनावर घाला पडला. अमेरिकन सरकारच्या आज्ञेनें किट कार्सन याच्या हाताखालील सैन्यानें नावाहोंचीं उभीं शेतें जाळलीं, कळप मारले वा पळविले, आणि कॅन्यन द शे येथील सप्ताळूंच्या बागाहि तोडून टाकल्या. उपाशी लोक शरण येऊं लागले. १८६४ पासून त्यांस तुकड्यातुकड्यांनीं तीनशें मैलांहून अधिक अंतर चालवीत न्यू मेक्सिकोच्या पूर्वभागांतील बॉस्के रेदोंदो येथें नेण्यांत आलें. वाटेंत म्हातारीं माणसें, गरोदर स्त्रिया व मुलें मोठ्या संख्येनें मेलीं. आठ हजारांहून अधिक लोक तेथें स्थानबद्ध झाले. पाणी खारें होतें, पिकें बुडत होतीं, आणि शिधा अपुरा व पुष्कळदां नासका असे. नावाहो लोक ह्या प्रसंगास ‘दीर्घ पदयात्रा’ म्हणतात. तिच्याविषयीं त्यांचीं घरें आजहि हळू आवाजांत बोलतात.

चार वर्षांनीं सरकारासच हा खर्च असह्य झाला. १ जून १८६८ रोजीं तह झाला. सरकारतर्फे जनरल शर्मन बोलणीं करीत होता, आणि नावाहोंचा मुख्य वक्ता बार्बोन्सितो हा होता. दूरच्या दुसऱ्या मुलखांत आम्हांस नेऊं नका, आमच्या भूमींत परत जाऊं द्या, हीच त्याची मागणी होती आणि ती मान्य झाली. ह्या तहान्वयें नावाहोंस १५,००० मेंढ्या व शेळ्या द्यावयाच्या ठरल्या. पराभूत लोकांशीं केलेल्या करारांत कळपाची अशी तरतूद असणें, हेंच त्या कळपाचें मोल सांगतें. परतलेल्या कुटुंबांनीं भुकेच्या दिवसांतहि त्या मेंढ्या खाऊन न टाकतां वाढविल्या, आणि घरोघर माग पुन्हां उभे राहिले.

१८८०-८२ च्या सुमारास त्या भागांतून आगगाडी धांवूं लागली. गिरणीचें कापड व गिरणीचीं कांबळीं स्वस्त झालीं. पांघरण्यासाठीं हातानें विणण्याचें कारण उरलें नाहीं. त्याच गाडीनें पेनसिल्व्हानियांतील जर्मनटाउनचें तयार रंगीत सूत व कृत्रिम रंगांच्या पुड्या आल्या, आणि पूर्वेकडील शहरांचें गिऱ्हाईकहि आलें. व्यापारी ठाण्यांवर विणकरणींकडून पीठ, कॉफी व साखर यांच्या बदल्यांत माल घेतला जाई. कित्येक ठिकाणीं तर तो वजनावर, पौंडाच्या भावानें, घेत. ज्या वस्तूंत बुद्धि व डोळा ओतलेला असे, तिचा सौदा तराजूनें होई. लोंकर नीट न धुतां जड ठेवण्याकडे कांहींची प्रवृत्ति झाली, यांत नवल नाहीं.

ह्या परिस्थितींत कांहीं व्यापाऱ्यांनीं चांगल्या मालास चांगला भाव देण्याचें धोरण धरलें. त्यांत गनाडोचे लोरेंझो हबेल प्रमुख होते. १८७८ सालीं त्यांनीं तेथील ठाणें घेतलें. जुन्या कांबळ्यांच्या नक्ष्यांचीं रंगीत चित्रें काढवून त्यांनीं भिंतींवर लावलीं, आणि गडद तांबडा रंग व मोठ्या आकृति यांस उत्तेजन दिलें. क्रिस्टल येथील जे. बी. मूर यांनीं १९०३ व १९११ सालीं सचित्र सूचिपत्रें काढून टपालानें गालिचे विकले. टू ग्रे हिल्स ह्या भागांत पांढरी, काळी, तपकिरी व करडी अशी मेंढीच्या अंगची लोंकरच वापरून अतिशय बारीक विणण्याची रीति वाढली. पांघरण्याचें कांबळें जमिनीवरील गालिचा झालें, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीस मान देऊन त्याभोंवतीं काठ आला. हे व्यापारी उपकारकर्ते होते कीं धूर्त होते, असा वाद पुष्कळदां होतो. माल खपला म्हणून माग टिकला, हें खरें. आणि नफ्याचा मोठा वाटा विणकरणीच्या घरीं गेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

रायकर्डबाई गनाडोस राहावयास आल्या, तेव्हां विद्या अशा स्थितींत होती. त्यांस प्रथम आढळलें तें हें कीं, येथें व्याख्यान नाहीं. नावाहो भाषेंत शिकविणें म्हणजे दाखविणें, असें त्यांनीं नमूद केलें आहे, आणि तें अक्षरशः खरें होतें. गुरु विणून दाखवी, शिष्येनें पाहावें, मग तिनें करावें, चुकलें तर गुरूनें मुकाट्यानें उसवून तेवढा भाग पुन्हां विणावा. नावाहो मुलगी लहानपणापासून आईच्या मागाशेजारीं खेळते व पाहते, म्हणून हात मागावर पडण्याच्या आधींच तिच्या डोळ्यास विणणें येत असतें. चाळीशीकडे झुकलेल्या विदुषीस तें बालपण कोठून मिळणार? तिला दिवसच्या दिवस बसून तें थोडें थोडें कमवावें लागलें.

माग दिसावयास अगदीं साधा. दोन उभे खांब व दोन आडवे दांडे एवढीच चौकट. ताणा अखंड दोऱ्याचा असतो. दोन दांड्यांभोंवतीं तो एकमेकांस छेद देत फिरवितात. म्हणून विणून पूर्ण झालेल्या कापडास चारी बाजूंनीं बंद कडा असतात. कापलेली दशी कोठेंच नसते. ह्या मागास पायांनीं दाबावयाच्या पट्ट्या नाहींत आणि धोटाहि नाहीं. एका रुंद लांकडी पट्टीनें ताण्याचे धागे उघडे धरावयाचे, बोटांनीं बाणा घालावयाचा आणि लांकडी फणीनें ठोकून तो खालीं बसवावयाचा. बाणा इतका दाट बसतो कीं, ताणा सर्वस्वीं झांकून जातो. लोंकर पिंजणें व कांतणें हेंहि काम तिचेंच. तिची चाती आपल्याकडील टकळीहून पुष्कळ लांब असते. ती मांडीवर हातानें लोळवून फिरवितात.

अवघड भाग निराळाच आहे. बाणा थोडा सैल, कमानीसारखा सोडूनच ठोकावा लागतो. तो घट्ट ओढला कीं कडा आंत येतात, आणि वीतभर विणल्यावर कापड कमरेंत आवळल्यासारखें दिसूं लागतें. नवशिक्याचा हा ठरलेला दोष आहे. दुसरें असें कीं, कागदावर आंखलेला नमुना समोर नसतो. सर्व आकृति विणकरणीच्या मनांत असते. खालचा अर्धा भाग विणतांना वरच्या अर्ध्याचे धागे तिनें मनांत मोजलेले असावे लागतात. शेवटचीं कांहीं बोटें सर्वांत कठीण. ताणा ताठ झालेला असतो, फट उरत नाहीं. मग पातळ काड्या व सुई यांच्या साह्यानें एक एक धागा सरकवावा लागतो. जेथें काम संपत आलें असें पाहणारास वाटतें, तेथेंच विणकरणीची खरी परीक्षा होते.

कित्येक काठाच्या गालिच्यांत मधल्या रंगाचा एक बारीक धागा काठ ओलांडून बाहेरच्या कडेपर्यंत नेलेला दिसतो. अनभिज्ञ गिऱ्हाईक त्यास चूक समजतें. तो विणकरणीचा मार्ग होय. आपलें मन व विचार ह्या एका कामांत कोंडून राहूं नयेत, पुढच्या कामास वाट मोकळी राहावी, अशी त्यामागील भावना सांगतात.

काय विणावें व काय विणूं नये, याचीहि मर्यादा होती. रोग्यासाठीं केल्या जाणाऱ्या विधींत रंगीत वाळूचीं पवित्र चित्रें काढतात व विधि संपतांच तीं पुसून टाकतात. तीं कायम स्वरूपांत ठेवणें धोक्याचें मानलें जाई. हॉस्टीन क्ला (१८६७-१९३७) हा स्वतः मोठा मंत्रगायक व पुरुष असूनहि निष्णात विणकर होता. जुनी विद्या आपल्यामागें नष्ट होईल, ह्या चिंतेनें त्यानें १९१९ च्या सुमारास तीं चित्रें गालिच्यांत विणण्यास आरंभ केला. त्याच्या लोकांत ह्या कृत्यानें मोठी खळबळ उडाली. मेरी व्हीलराइट ह्या धनिक स्त्रीच्या सहकार्यानें सान्ता फे येथें जें संग्रहालय १९३७ मध्यें स्थापन झालें, तें ह्याच चिंतेचें फळ होय.

रायकर्डबाईंनीं आपल्या शिक्षणाचा वृत्तांत १९३४ सालीं ‘स्पायडर वुमन’ ह्या ग्रंथांत लिहिला, आणि १९३६ मध्यें विणकामाच्या तंत्रावर स्वतंत्र पुस्तक काढलें. १९३४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं तेथेंच एक लहानशी शाळा चालविली व प्रौढ नावाहोंस त्यांची स्वतःची भाषा लिहावयास शिकविली. ज्यांनीं हातास धागा दिला, त्यांच्या हातीं अक्षर देण्याचा हा प्रयत्न ऋण फेडण्यासारखाच होता.

परंतु ह्याच वर्षांत गुरुघरावर दुसरें संकट आलें होतें. माळावर कळप फार झाले, गवत उरलें नाहीं, माती वाहून जाते, आणि ती कोलोराडो नदीवरील नव्या धरणांत सांचेल, असें सरकारी तज्ज्ञांचें मत पडलें. जमीन झिजत होती, हें खोटें नव्हतें. तथापि उपाय ज्या रीतीनें झाला, ती रीति क्रूर होती. १९३३ पासून जॉन कॉलियर ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कारकीर्दींत मेंढ्या व विशेषतः शेळ्या सक्तीनें कमी करण्यांत आल्या. कित्येक ठिकाणीं तीं जनावरें गोळ्या घालून दऱ्यांत तशींच कुजत टाकलीं. बोलणीं झालीं तीं पुरुषांच्या मंडळाशीं; कळपांच्या मालकिणी मात्र बहुधा स्त्रिया होत्या, आणि त्यांस कोणी विचारलें नाहीं. दहा-बारा वर्षांत कळप सुमारें निम्म्यावर आले. त्याआधींच सरकारी सल्ल्यानें मांसासाठीं व गिरणीसाठीं सोयीच्या परदेशी जाती कळपांत मिसळल्या होत्या. त्यांची आंखूड व तेलकट लोंकर हातानें कांतण्यास निरुपयोगी ठरली. १९७० नंतरच्या दशकांत शुद्ध चुर्रो मेंढ्या अवघ्या कांहीं शें उरल्या होत्या. १९७७ सालीं लाइल मॅक्नील ह्या प्राध्यापकानें दूरदूरच्या वस्त्यांतून त्या शोधून काढून त्यांची पैदास वाढविण्यास आरंभ केला, आणि ती जात वांचली.

आज ह्या विद्येची स्थिति मिश्र आहे. १९६८ मध्यें नावाहोंनीं स्वतःचें कॉलेज स्थापिलें. त्याच सालीं क्राउनपॉइंट येथें असा लिलाव सुरू झाला कीं, ज्यांत विणकरीण आपला गालिचा मध्यस्थाशिवाय विकूं शके. १९७३ मध्यें ह्या कॉलेजानें केलेल्या पाहणींत एका साधारण गालिच्यास ३४५ तास लागतात, असें दिसून आलें. त्यांपैकीं २१५ तास विणण्याचे, व उरलेले जवळजवळ सर्व कातरणी, धुणें, कांतणें व रंगविणें यांचे. मेक्सिकोंत व हिंदुस्थानांतहि नावाहो नक्षीच्या स्वस्त प्रतिकृति विणल्या जातात. तेथील विणकरहि गरीबच; परंतु ३४५ तासांची बरोबरी त्या मालाशीं बाजारांत करावी लागते. १९९० च्या अमेरिकन कायद्यानें असा माल मूळ रहिवाश्यांचा म्हणून विकणें गुन्हा ठरविलें आहे.

शिकण्याची रायकर्डबाईंनीं घातलेली वाटहि आतां रुंदावली आहे. देशोदेशींचे लोक कांहीं दिवसांच्या मुक्कामास जाऊन नावाहो विणकरणींपाशीं बसतात, लोंकर पिंजतात, झाडपाल्याचा रंग उकळतात आणि वीतभर नमुना विणून परततात. आतां शिकविण्याच्या अटी मात्र विणकरणी स्वतः ठरवितात. बार्बरा टेलर ऑर्नेलस व लिंडा टेलर पीट ह्या टू ग्रे हिल्सच्या परंपरेंतील भगिनींनीं २०१८ मध्यें विणकरांच्या चरित्रांचें आणि २०२० मध्यें विणण्याच्या रीतीचें पुस्तक लिहिलें. पूर्वीं पाहुण्यांनीं जें लिहिलें, तें आतां घरच्यांनीं लिहिलें आहे. कोणतीं गाणीं व कोणत्या प्रार्थना घरांतच राहाव्या, हेंहि त्याच ठरवितात.

आठवड्याच्या मुक्कामांत कोणी विणकर होत नाहीं. परंतु आंत ओढल्या गेलेल्या कडा उसवतांना जो घाम येतो, त्यानें पाहुण्यास एका गालिच्याची किंमत कळते. तहांत मागून घेतलेल्या मेंढ्या, दरींत कुजलेल्या शेळ्या आणि मागाशेजारीं पाहत बसलेली लहान मुलगी, हें सर्व त्या किंमतींत धरलेलें असतें.